जू बदलावे, गाडी राखावी
पीपलरावांसारख्या माळव्यातील गावी बैलगाडीचे जू मोडले, म्हणून कोणी गाडी मोडीत काढीत नसे; जू तेवढे बदलीत. महासंगणकाच्या रचनेतही हेच शहाणपण आहे. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या 'सी-डॅक'ने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' सिद्ध केला, तो ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर एकमेकांस जोडून. पुढे ट्रान्सप्युटरचीच प्रगती खुंटली. परक्या कारखान्याबरोबर आपले श्रमही बुडावेत काय? १९९४ च्या 'परम ९०००' ची रचनाच सुट्या घटकांची केली गेली. नवा प्रोसेसर आला, तर तेवढाच बदलता यावा. यंत्र जुने होते. सांधा नीट राखला, तर विद्या वाया जात नाही.