तेरेखोलचे नाके आणि कारकुनाचे टेबल

आरोंद्याच्या कडेने तेरेखोलची खाडी वाहते आणि पैलतीरावर गोव्याचा पेडणे तालुका लागतो. १९५५ साली भारत सरकारने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा ही खाडी म्हणजे देशाची सीमा होती. १९ डिसेंबर १९६१ रोजी ती पुसली गेली. पलीकडे काय जाऊ द्यावयाचे नाही, हे त्या काळी नाक्यावरच्या शिपायालाही कळत असे; गोणी उघडली की संशय फिटे.

सागरी तंत्रज्ञानाच्या निर्यातीत ही सोय राहिलेली नाही. १९७४ साली मुंबई हायला तेल लागल्यापासून समुद्रतळाचा वेध घेणारी उपकरणे या किनाऱ्याला परकी नाहीत. परंतु तेलवाहिनीची तपासणी करणारे मानवविरहित पाणयान सुरुंगही शोधू शकते, आणि पाण्याखालचा ध्वनी टिपणारे सोनार (सोन्याच्या धंद्याशी त्याचे नाते नाही) पाणबुडीचाही माग काढते. वस्तू एकच, उपयोग दोन. म्हणूनच भारताने अशा वस्तूंची 'स्कोमेट' नावाची सूची केली. डिसेंबर २०१७ मध्ये भारत वासेनार करारात सामील झाला; या सूचीच्या आठव्या वर्गात सागरी सामग्रीला स्वतंत्र स्थान आहे. सूचीतील वस्तू परवान्यावाचून परदेशी धाडता येत नाही. तिचा आराखडा संगणकावरून पाठविणे हीदेखील निर्यातच ठरते, ही गोष्ट मात्र अनेकांच्या गावीही नसते.

हलगर्जीपणाची किंमत जपानने मोजली आहे. तोशिबा मशीन या कंपनीने नॉर्वेच्या कोंग्सबर्गच्या नियंत्रक यंत्रणेसह जहाजांचे पंखे कातणारी यंत्रे सोव्हिएत संघाला विकली. कागदोपत्री ती साधी यंत्रे म्हणून दाखविली होती. त्यांमुळे पाणबुड्यांचा आवाज मंदावला, असा अमेरिकेचा आक्षेप होता. १९८७ साली प्रकरण उघड झाले आणि मूळ तोशिबा कंपनीच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले. पहिला इशारा मात्र कोणा हेराने दिला नव्हता. व्यवहारातील एका व्यापारी पेढीच्या कर्मचाऱ्याने पत्र लिहून तो दिला होता.

नियंत्रण असावे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. विदेश व्यापार महासंचालनालयाकडे अर्ज जातो, आंतरमंत्रालयीन गट तो तपासतो, हेही रास्तच. परंतु त्याआधी माल कोणत्या वर्गात बसतो, अंतिम वापर करणारा कोण, मधला दलाल कशासाठी आहे, हे प्रथम पाहतो तो निर्यात विभागातील कारकून. मोठ्या कंपनीजवळ कायदेपंडित असतात. सुटे भाग घडविणाऱ्या लहान कारखानदाराजवळ हाच एक मनुष्य असतो, आणि रुक्ष तांत्रिक परिभाषेतील ती सूची त्यालाच उलगडावी लागते. वाणिज्य व अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांनी ती मराठीतून समजावून द्यावयास हवी, आणि शंका आल्यास माल रोखून धरण्याचा अधिकार मालकाने त्याला लेखी द्यावयास हवा. तोंडी अधिकार मोठी मागणी येताच विरघळतो.