डिस्क शाबूत, तरी मशीन सुरू होईना

१९९९ साली व्हीएमवेअर वर्कस्टेशन आलं आणि साध्या पीसीच्या पोटात दुसरं मशीन चालू लागलं. आख्खं मशीन म्हणजे चार फाइल्स. त्या उचलायच्या आणि दुसरीकडे सुरू करायच्या, असा समज तेव्हाच रुजला. पुढे झेन, केव्हीएम, व्हर्च्युअलबॉक्स, हायपर-व्ही असे पर्याय वाढले. एका प्रणालीतून दुसरीत सिस्टिम हलवणं नित्याचं झालं आणि हलवल्यावर बूट न होणंही.

विंडोज एक्सपी आणि सर्व्हर २००३च्या काळात ही अडचण निळ्या स्क्रीनवर दिसायची: स्टॉप ७बी, म्हणजे बूट डिस्क सापडत नाही. विंडोजचा लोगो दिसल्यावर हे व्हायचं, म्हणून लोक चक्रावायचे. पण कारण सरळ होतं. सुरुवातीला लोडर डिस्क वाचतो तो बायॉसच्या मदतीनं. मग कर्नल ताबा घेतो आणि त्याला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. जुना कंट्रोलर आयडीई आणि नवा स्कझी असेल, आणि नव्याचा ड्रायव्हर रजिस्ट्रीत बूटच्या वेळी सुरू होणारा म्हणून नोंदलेला नसेल, तर कर्नलला समोरची डिस्क दिसतच नाही. डेटा जागच्या जागी असतो. तरीही कित्येकांनी घाबरून फॉरमॅट मारला, याचं मला आजही वाईट वाटतं.

लिनक्समध्ये आधी डिस्कच्या नावांचा घोळ होता: एचडीएची एसडीए झाली, केव्हीएममध्ये व्हीडीए. एफएसटॅबमध्ये नावाऐवजी डिस्कची कायमची ओळख, म्हणजे यूयूआयडी, लिहू लागल्यावर तो मिटला. पण २०१४च्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ७पासून इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे कर्नलबरोबर लोड होणाऱ्या सुरुवातीच्या इमेजमध्ये, फक्त त्याच मशीनला लागणारे ड्रायव्हर भरले जाऊ लागले. मशीन हललं की थेट ड्रॅकटच्या (ही इमेज बनवणाऱ्या साधनाच्या) इमर्जन्सी शेलमध्ये. अशा वेळी ग्रब या बूटलोडरच्या यादीतली रेस्क्यू नोंद निवडावी. तिच्यात सगळे ड्रायव्हर असतात. आत शिरून इनिटरॅमएफएस नव्यानं बनवलं की काम झालं.

बायॉसच्या जागी आलेल्या यूईएफआयनं वेगळीच भर घातली. बूटची नोंद मशीनच्या एनव्हीरॅममध्ये राहते, डिस्कबरोबर येत नाही. आणि बायॉसवर बसवलेली सिस्टिम यूईएफआयच्या मशीनला जोडली, तर ती सुरूच होत नाही.

नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर विकत घेतली, डिसेंबरात कायमस्वरूपी परवाने विकणं थांबलं, आणि अनेकांनी केव्हीएमवर चालणाऱ्या प्रॉक्समॉक्सची वाट धरली. त्याच्या एप्रिल २०२४च्या ८.२ आवृत्तीत व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयवरून मशीन आणण्याची सोयही आली. पण विंडोजची डिस्क थेट व्हर्टआयओ या आभासी कंट्रोलरवर टाकली, की तीच जुनी तक्रार पुढे येते. उपाय सोपा आहे: आधी साटा कंट्रोलरवर बूट करा, एक छोटी रिकामी व्हर्टआयओ डिस्क जोडा, ड्रायव्हर बसवा, मशीन बंद करा आणि मगच मुख्य डिस्क बदला.

हलवण्याआधी कंट्रोलर कोणता आणि फर्मवेअर बायॉस की यूईएफआय, एवढं लिहून ठेवा. आणि नव्या जागी मशीन नीट रीबूट होईपर्यंत जुनं पुसू नका.