बंधाऱ्यावरची वाट : चैत्रातली सायकल आणि कोल्हापूरची शिवारे

पाटबंधारे खात्याच्या भाषेत ‘को. प. बंधारा’ म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. नदीपात्रात ठरावीक अंतरावर खांब, खांबांना उभ्या खाचा, खाचांत बसवलेले बरगे आणि वरून पलीकडच्या काठाला जाणारी अरुंद वाट. पावसाळा सरला की ऑक्टोबरच्या सुमारास बरगे घालायचे, पाणी अडवायचे आणि पुढचा पावसाळा येण्याआधी ते काढून नदी मोकळी करायची. पूर्वी बरगे लाकडी असत. दोन रांगा लावून मधल्या पोकळीत माती ठासून भरत. आता लोखंडी बरगे आले. ही रचना महाराष्ट्रात सगळीकडे पसरली, पण नाव कोल्हापूरचेच राहिले.

सिंचनाच्या अंगाने या बंधाऱ्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. माझा विषय वरची ती अरुंद वाट आहे. गेली बारा-तेरा वर्षे फाल्गुन ते वैशाख या काळात मी करवीर, पन्हाळा, हातकणंगले आणि शिरोळ तालुक्यांत सायकलने हिंडतो. घाई नसते, स्पर्धा नसते, रोज किती किलोमीटर झाले याचा हिशेबही नसतो. हिंडता हिंडता एक गोष्ट ध्यानात आली. सायकलवरून रमतगमत शिवार पाहण्यासाठी युरोपातल्या काही देशांनी जे जाळे मुद्दाम आखले, तसे जाळे आपल्याकडे कुणी न आखता तयार झाले आहे. बंधारे, पाणंदी, नदीकाठच्या गाडीवाटा यांचे ते जाळे आहे. ते कशामुळे तयार झाले आणि किती दिवस टिकेल, हे पाहण्यासाठी हा लेख.

आधी ऋतूचे पाहू. युरोपात वसंत म्हणजे थंडी सरून बाहेर पडण्याचे दिवस. आपल्याकडे वसंत येतो तोच उन्हाचा हात धरून. तरी कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आणि सह्याद्रीच्या कुशीत असल्याने चैत्रातली पहाट सायकलीला अगदी योग्य असते. सहाला निघावे, दहाच्या आत परतावे. दुपारनंतर पश्चिमेचा वारा तोंडावर येतो आणि एखाद्या दिवशी वळीव गाठतो. पण हवामानापेक्षा मोठे कारण उसाचे आहे. गाळप हंगाम चालू असेपर्यंत डबल ट्रॉलीच्या मागे सायकल चालवणे हा आनंद नव्हे, शिक्षा आहे. मार्चच्या आसपास कारखाने आणि गुऱ्हाळे थंडावतात आणि शिवारातले रस्ते एकदम मोकळे होतात. वर्षभर दोन्ही बाजूंनी उसाची भिंत असते, ती तुटल्यामुळे पन्हाळ्यापासून जोतिबाच्या डोंगरापर्यंत सगळे नजरेत येते. पांगारा आणि काटेसावर ओसरत आलेले, करंजाला कोवळी पालवी, कडुनिंबाला मोहर, खोडव्याला पोपटी फुटवा. आणि पाचट जाळल्याचा धूरही. तो लपवण्यात अर्थ नाही. एखाद्या सकाळी डोळे चुरचुरत घरी यावे लागते.

याच दिवसांत बंधाऱ्यात बरगे असतात. म्हणजे वरच्या अंगाला पाणी काठोकाठ, खालच्या अंगाला उघडा खडक आणि फटींतून उडणाऱ्या धारा, आणि या दोन्हींच्या मधून आपली सायकल. उन्हाळ्यात गारवा हवा असेल तर यापेक्षा चांगली जागा नाही.

कोल्हापुरातून निघणारा सगळ्यांत सोपा फेरा सांगतो. कसबा बावड्यातून राजाराम बंधाऱ्यावर यावे. हा तोच बंधारा, ज्याची पातळी जुलै-ऑगस्टात सगळे शहर दिवसातून चारदा विचारते : ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. चैत्रात तिथे म्हशी डुंबत असतात. बंधारा ओलांडला की वडणगे. तिथल्या तळ्याच्या काठी शिव-पार्वतीचे देऊळ आहे, चहाही मिळतो. तिथून आतल्या रस्त्यांनी प्रयाग चिखली. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती अशा पाच नद्यांची पंचगंगा इथून सुरू होते. संगमावर थोडे बसावे आणि आंबेवाडीवरून शिवाजी पुलाने परत यावे. वीसेक किलोमीटरचा फेरा, चढ जवळजवळ नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना घरे सोडावी लागली होती. घराच्या भिंतीवर पाणी कुठवर आले होते, याची रेघ लोक बोटाने दाखवतात. सायकलवरून उतरून ती पाहता येते, मोटारीतून ती दिसतही नाही.

जोतिबाची चैत्र यात्रा ध्यानात ठेवावी. पौर्णिमेच्या मागेपुढे केर्लीकडचा रस्ता सासनकाठ्यांचा आणि चालणाऱ्यांचा असतो. त्या दिवसांत तिकडे सायकल घालू नये.

आता एक अडचण. रमतगमत सायकल चालवणे ही कल्पनाच आपल्याकडे थोडी परकी आहे. एका बंधाऱ्याच्या तोंडाशी एक वयस्कर शेतकरी भेटले. “पावणं, कुणीकडं?” “काय नाही, फिरायला.” त्यांनी सायकलीकडे आणि माझ्या वयाकडे पाहिले. “गाडी बंद पडली व्हय?” त्यांचे चुकत नव्हते. या भागात सायकल ही कामाची वस्तू होती. हँडलला दोन्हीकडे किटल्या अडकवून शहरात येणारा दूधवाला, इचलकरंजीत पाळीला जाणारा मागवाला, हायस्कूलला जाणारी मुले. हाताशी दोन पैसे आले की माणूस सायकल सोडून मोटारसायकल घेणार, यात नवल नाही. सायकलीचे जे कौतुक मराठी वाचकापर्यंत पोहोचले तेही पराक्रमाचे. १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलने जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघे १९२८ मध्ये तो पुरा करून परतले. ही थोर गोष्ट आहे. पण तिने सायकल म्हणजे एक तर पोटापाण्याची, नाही तर जग जिंकण्याची अशी दोनच टोके मनात ठेवली. मधली, वीस किलोमीटरची आणि दोन चहांची सायकल राहून गेली.

ती मधली सायकल इंग्लंडात रुजली कशी, हे पाहण्यासारखे आहे. १८७८ मध्ये तिथे ‘बायसिकल टूरिंग क्लब’ निघाला. पुढे त्याचे नाव ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ झाले. या मंडळींनी धोक्याच्या उतारांवर पाट्या लावल्या, खेड्यातल्या खानावळींना पंखांच्या चाकाचे चिन्ह दिले, जेणेकरून सायकलवाल्याला कळावे की इथे आपल्याला विचारतात. १८८६ मध्ये रस्ते सुधारणेची संघटना सुरू करण्यातही सायकलवालेच पुढे होते. मोटारी रस्त्यावर येण्याआधीची ही गोष्ट आहे.

पण मला त्यांच्या क्लबापेक्षा त्यांचा नकाशा महत्त्वाचा वाटतो. १९४९ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधल्या काउंटी कौन्सिलांवर पायवाटांचे आणि घोडेवाटांचे अधिकृत नकाशे करण्याची जबाबदारी टाकली. नकाशावर वाट आली की ती आहे हा कायद्याने पुरावा झाला; जमीन कुणाचीही असो. १९६८ च्या कायद्याने घोडेवाटांवर सायकलला परवानगी मिळाली, चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट देण्याच्या अटीवर. तिथला माणूस वसंतात शेतांमधून सायकल नेतो तेव्हा त्याच्या चाकाखाली हा कागद असतो.

बेल्जियमची गोष्ट आणखी जवळची वाटते. लिम्बर्ग हा तिथला एक प्रांत. एका भागात कोळशाच्या खाणी, दुसऱ्या भागात सफरचंद, नासपती आणि चेरीच्या बागा. १९९२ मध्ये शेवटची खाण बंद झाली. १९९५ मध्ये ह्यूगो बोलेन या खाण-अभियंत्याच्या कल्पनेतून तिथे सायकलवाटांचे जाळे उभे राहिले. कल्पना इतकी साधी की हसू येते. आडरस्ते जिथे मिळतात त्या प्रत्येक तिठ्याला एक आकडा द्यायचा आणि तिथे शेजारच्या आकड्यांकडे बाण दाखवणारी पाटी लावायची. सकाळी घरी बसून कागदावर पाच-सहा आकडे लिहावेत, कागद हँडलला अडकवावा आणि निघावे. गावांची नावे पाठ नकोत, कुणाला विचारायला नको. एप्रिलात बागा फुलल्या की तिथे सायकलींची रीघ लागते. ही पद्धत पुढे साऱ्या फ्लँडर्समध्ये, नेदरलँड्समध्ये आणि जर्मनीच्या काही भागांत गेली.

यात नवे रस्ते फारसे बांधले गेले नाहीत. कालव्याकाठच्या वाटा, जुन्या रेल्वेच्या जागा, शेतरस्ते हेच जोडले गेले. तैवानमध्येही ऊस वाहणाऱ्या छोट्या रेल्वेच्या काही मार्गांवर आता सायकली धावतात. विसाव्याचे रस्ते सगळीकडे कामाच्या रस्त्यांकडून उसने घेतलेले दिसतात. आपलेही तसेच. बंधारा पाण्यासाठी झाला, वरची वाट शेतकऱ्याला पलीकडच्या रानात जाता यावे म्हणून वापरात आली आणि पाणंद बैलगाडीसाठी होती.

या जाळ्यातला कच्चा दुवा म्हणजे पाणंद. गावनकाशा पाहिला तर दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीवाट, एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट. गाडीवाटेची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात, पायवाटेची सव्वाआठ. नकाशा हातात घेऊन रानात गेलो की रेषा आणि जमीन यांचे पटत नाही. एकवीस फुटांची वाट बारा फुटांवर येते, मग सहावर, मग उसात शिरते आणि संपते. एका गावी अशीच संपलेली वाट शोधत होतो. भांगलण करणाऱ्या एक आजी म्हणाल्या, “वाट कागदावर हाय की. पर ऊस काय कागद वाचतोय व्हय?”

कायदा आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली शेताच्या वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा तहसीलदार काढू शकतात. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावाने शेत-पाणंद रस्त्यांची योजनाही आली आणि काही पाणंदी त्यातून खरोखरच खुल्या झाल्या. पण या सगळ्यात अर्जदार म्हणजे ज्याचे रान अडले तो शेतकरी. त्याने दुसरीकडून ट्रॅक्टर घालायची सोय केली की अर्ज करणारा कुणी उरत नाही आणि वाट मुकाट्याने मरते. केवळ जाण्यायेण्यासाठी, हिंडण्यासाठी वाट हवी असणारा माणूस आपल्या कायद्याला दिसत नाही. इंग्लंडच्या नकाशाला तो दिसतो. फरक मला इथे वाटतो. सायकलीच्या किमतीत किंवा हवेत नव्हे.

खाली शिरोळ तालुक्यात मात्र अजून सलग हिंडता येते. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगा संगम, तिथून कुरुंदवाड आणि पुढे काळ्या सपाट रानातून खिद्रापूर. वाटेत कृष्णाकाठची वांगी, भाजीचे मळे. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप माथ्यावर गोल उघडा आहे आणि भोवती ४८ खांब. सकाळी नऊच्या सुमारास तिथे पोहोचावे. घाम वाळेपर्यंत खांबांच्या सावलीत बसायला कुणी हरकत घेत नाही. या भागाचे फेरे मी आकडे घालून एका वहीत उतरवले आहेत, बेल्जियमच्या पद्धतीने. तिठे सत्तावीस झाले. पुढच्या वर्षी एखाद्या ग्रामपंचायतीने मनावर घेतले तर पाट्या रंगवायला फार खर्च येणार नाही.

बंधाऱ्यांबाबत एक व्यवहाराची सूचना. पंचगंगेवर राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड आणि शिरोळ ही नावे पुराच्या बातम्यांमुळे सर्वांना पाठ आहेत. भोगावतीवर कोगे, हळदी, राशिवडे आहेत. बऱ्याच बंधाऱ्यांना कठडा नाही. समोरून वैरणीचा भारा घेतलेली मोटारसायकल आली तर आपण उतरून, सायकल कडेला न नेता आतल्या अंगाला धरून उभे राहावे. जुन्या खांबांचे दगड काही ठिकाणी सुटले आहेत, तिथे वाहतूक बंदीची पाटी असेल तर ती मानावी. मेच्या अखेरीस बरगे निघू लागतात आणि काठावर रचून ठेवले जातात. पहिल्या मोठ्या पावसात वाट पाण्याखाली जाते आणि बावड्याच्या माणसाला वडणग्याला जायला पुन्हा शिवाजी पुलाचा वळसा पडतो, थेट दसऱ्यापर्यंत.