गरम झाली की बंद पडणारी जुनी गाडी: दोष नेमका शोधायचा कसा?

उन्हात फोन डॅशबोर्डवर राहिला की स्क्रीनवर मेसेज येतो, फोन गरम झालाय, थंड होऊ द्या. जुन्या गाडीला असं काही सांगता येत नाही. ती सरळ बंद पडते आणि वीस मिनिटांनी काही झालंच नाही अशी चालू होते.

आमच्याकडे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे, आजोबांनी घेतलेली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी म्हणून जी वर्षानुवर्षं धावली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून थांबली, तीच. १०८९ सीसीचं इंजिन, कार्ब्युरेटर, आणि कॉम्प्युटर कुठेच नाही. म्हणजे स्कॅनर लावून एरर कोड वाचायची सोयही नाही.

एप्रिलमध्ये पुण्याहून वाईला निघालो होतो. खंबाटकी घाटाच्या चढावर गाडी बंद. मागच्या सीटवर आजी, आणि मागून एक भरलेला ट्रक. काकांनी हँडब्रेक ओढला, मी पळत जाऊन टायरमागे दगड लावला. ट्रकवाल्याने वेळेत बाजू काढली म्हणून बरं. त्यानंतर महिन्याभरात अजून दोनदा तेच झालं. मिस्त्रींनी पेट्रोल पंप बदलला, कार्ब्युरेटरचं किट टाकलं, शेवटी म्हणाले, "इंजिन उघडावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून काका म्हणाले, "आता नाही परवडत, देऊन टाकू." आजी काहीच बोलली नाही. मी काकांकडून पंधरा दिवस मागून घेतले.

पेट्रोल की करंट?

इंजिन चालायला पेट्रोल, हवा आणि वेळेवर पडणारी ठिणगी लागते. ठिणगीला गॅरेजमध्ये 'करंट' म्हणतात. गरम झाल्यावर यातलं नेमकं काय गायब होतं, एवढंच शोधायचं असतं. अडचण अशी की गाडी गॅरेजमध्ये पोचेपर्यंत थंड होते आणि पुरावा संपतो! थंड गाडीवर केलेली तपासणी म्हणजे अंदाजच, आणि अंदाजाने पार्ट बदलत बसलं की खिसा रिकामा होतो. आमचा झालाच होता.

पहिला संशय सगळे पेट्रोलवर घेतात, आणि त्याला कारण आहे. पेट्रोल म्हणजे अनेक द्रवांचं मिश्रण. त्यातले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. जुन्या गाडीत पंप इंजिनलाच चिकटलेला असतो आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून आणतो. पाइपात वाफ झाली की पंप नुसती वाफच ओढत बसतो. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलं की वाफ होण्याची प्रवृत्ती थोडी वाढते, शिवाय जुने रबरी पाइपही खराब होतात (ते मात्र बदलाच). आजच्या गाड्यांमध्ये पंप टाकीतच असतो आणि दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो, म्हणून हा त्रास क्वचित होतो.

घाटात मिस्त्रींना फोन लावला तेव्हा त्यांनी पंपावर ओलं फडकं ठेवायला सांगितलं होतं. ठेवलं, आणि वीस मिनिटांनी गाडी चालू झाली. सगळे खूश. पण मला नंतर सुचलं, फडकं नसतं ठेवलं तरी वीस मिनिटांत गाडी थंड झालीच असती की! मग फरक कशाने पडला?

दुसरी गोष्ट, गाडी बंद पडण्याची पद्धत. पेट्रोल कमी पडलं की गाडी आधी झटके खाते, दम तुटल्यासारखी ओढते आणि मग थांबते. आमची तशी नव्हती. पंख्याचं बटण बंद करावं तशी क्षणात गेली. हे करंटचं लक्षण. टेंपरेचरचा काटाही जागेवर होता, म्हणजे रेडिएटरचा प्रश्न नाही.

गरम असतानाच पकडलं

आम्ही घराजवळच्या मोकळ्या रस्त्यावर दुपारी फेऱ्या मारायला लागलो. फोनवर स्टॉपवॉच. चाळिसाव्या मिनिटाला गाडी गेली. बॉनेट उघडलं. पंप आणि कार्ब्युरेटरच्या मधल्या पाइपात पारदर्शक फिल्टर आहे. काकांनी सेल्फ मारला की त्यात पेट्रोल उसळताना दिसत होतं. म्हणजे पंप निर्दोष. टाकीचं झाकणही उघडून पाहिलं, कारण त्यातलं हवेचं भोक बुजलं तरी पेट्रोल येत नाही. तसं काही नव्हतं.

मग करंट. डिस्ट्रिब्युटरच्या मधली जाड वायर काढून तिला एक जास्तीचा प्लग लावला, प्लगची बॉडी वायरने इंजिनला जोडली आणि सेल्फ मारायला सांगून फोनवर व्हिडिओ घेतला. ही वायर हातात धरू नका, तिच्यात हजारो व्होल्ट असतात. आणि जवळपास पेट्रोल सांडलेलं किंवा पेट्रोलचा वास येत असेल तर ही चाचणी करूच नका. सकाळी थंड गाडीवर असाच व्हिडिओ घेऊन ठेवला होता. त्यात ठिणगी निळी, टकटक वाजणारी. आता ठिणगीच नाही.

आता दोन आरोपी उरले, कंडेन्सर आणि इग्निशन कॉइल. दोन्ही गरम झाल्यावर दगा देतात. इथे एकच नियम पाळा: एका वेळी एकच वस्तू बदला. दोन्ही एकदम बदलले तर गाडी चालू होईल, पण कशामुळे ते कळणार नाही. कंडेन्सर स्वस्त, म्हणून आधी तो. बदलला, काही नाही. कॉइलला हात लावला तर चटका बसला. मित्राच्या गाडीची कॉइल मागून आणली होती, ती जोडली. पहिल्या सेल्फला गाडी चालू! थंड व्हायची वाट न बघता.

मी खूश, पण काका म्हणाले, "अरे, ही कॉइल तर गेल्या दिवाळीतच बदलली होती." फोनच्या गॅलरीत शोधलं तर बिलाचा फोटो सापडला, नोव्हेंबरचा. मग नवी कॉइल इतक्या लवकर का गेली?

कॉइल पूर्ण थंड झाल्यावर मल्टीमीटरने तिच्या दोन बारीक टोकांमधला रेझिस्टन्स मोजला. दीड ओहम. मित्राच्या कॉइलचा तीन. इथे दहावीतला ओहमचा नियम कामाला आला. बारा व्होल्टवर तीन ओहमच्या कॉइलमधून जास्तीत जास्त ४ अँपिअर जातात, दीड ओहमच्या कॉइलमधून ८. उष्णताही दुप्पट. दीड ओहमची कॉइल वाईट नसते, पण तिच्याबरोबर वायरिंगमध्ये बॅलास्ट रेझिस्टर लागतो. आमच्या गाडीत तो नाही. दुकानात दोन्ही कॉइल दिसायला सारख्याच, त्यामुळे चुकीची बसली. थंडीचे महिने तिने कसेबसे काढले, एप्रिलच्या उन्हात आतलं इन्सुलेशन हरलं. पॉइंटही त्या जादा करंटने काळे पडले होते, तेही बदलले.

एक सावधगिरी: मल्टीमीटर आतलं इन्सुलेशन तपासू शकत नाही, कारण तो अगदी कमी व्होल्टने मोजतो. त्यामुळे आकडा बरोबर आला म्हणून कॉइल चांगली असं समजू नका. आणि तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतो. थंडीत तीन दाखवणारी कॉइल खूप तापल्यावर पावणेचारच्या आसपास दाखवेल, त्यात दोष नाही.

तीन ओहमची नवी कॉइल इंजिनपासून जरा लांब, वारा लागेल अशी बसवली. मेच्या शेवटच्या रविवारी भर दुपारी खंबाटकी चढलो. आजी मागेच होती. वर पोचल्यावर तिने विचारलं, "थांबायचं नाही का इथे? मागच्या वेळी थांबलो होतो ना."