गरनाताचा रेशीमबाजार

स्पेनमधील ग्रॅनाडा म्हणजे आपल्या तारीखच्या किताबांतील गरनाता. 1492 मध्ये येथील मुस्लिम सल्तनत संपली. आम्ही उभयता तेथे चार दिवस होतो. अलहम्ब्राविषयी पुष्कळ छापून आले आहे; तिकीट मात्र आधीच काढावे, आतील महालांत ठरल्या वेळीच सोडतात.

आमचे पाय वळले अल्कायसेरियाकडे. मूळ अरबी शब्द कैसरिया. येथे रेशमाची तिजारत चाले. 1843 च्या आगीत बाजार जळाला. आजच्या कमानी नंतरच्या. एका दुकानदाराने 'येथलेच रेशीम' म्हणून ओढणी दाखविली. बेगमने पदर चुरगळून पाहिला व हळूच म्हणाली, "अहो, हे पॉलिएस्टर!" तरी एक घेतली. मुक्कामी धागा जाळला. केस जळल्याचा वास नाही, चुरणारी राख नाही. कडक गोळी झाली. हिमरूच्या नावाने यंत्रावरचा माल विकणारे आपल्याकडेही आहेत, त्यामुळे रागही धड येईना.

बाजाराजवळच कोराल देल कार्बोन ही चौदाव्या शतकातील सराय शाबूत आहे. खाली माल, वर व्यापाऱ्यांचा मुक्काम, अशी तिची रचना. दुसऱ्या दिवशी तिच्या अंगणात आम्ही बराच वेळ बसलो. ओढणी बेगमच्या पिशवीतच होती.