खारं पाणी, आयोडीन आणि थायरॉइडची गोळी

‘आमचं पाणीच खारं, वरून मिठात आयोडीन कशाला?’ दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा या बाजूला हा प्रश्न निघतोच. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात तो निघणं साहजिकही आहे. अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला १९३० च्या सत्याग्रहात विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासूनच मीठ केलं गेलं होतं. पण खारटपणा येतो तो मुख्यतः सोडियम, क्लोराइडसारख्या क्षारांमुळे. त्यात आयोडीन किती, हे जिभेला कळत नाही. खुद्द समुद्राचं पाणी घ्या. लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार आणि आयोडीन जेमतेम ५०-६० मायक्रोग्रॅम. ते आटवून केलेल्या किलोभर मिठात दोन मिलिग्रॅमही आयोडीन भरत नाही. कायद्याने मात्र ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या किलोभर मिठात किमान १५ मिलिग्रॅम हवं. म्हणजे खडे मीठ कितीही ‘नैसर्गिक’ असलं, तरी वरून आयोडीन मिसळलेलं नसेल तर या कामाचं नाही. उपासाच्या सैंधवाचंही तेच. एकादशीपुरतं ते चालेल, रोजच्या वरणात नको.

दुसरा समज जास्त चिवट आहे: ‘आयोडीनचं मीठ आलं आणि घरोघरी थायरॉइड निघाला.’ आधी क्रम पाहू. १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग सुरू केला. काही वर्षांत तिथला गलगंड कमी झाला. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला आणि १९९२ मध्ये त्याचं नाव बदललं, कारण प्रश्न नुसत्या गळ्याच्या गाठीचा नव्हता. आईला आयोडीन कमी पडलं तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि ते नुकसान नंतर भरून निघत नाही.

आज दवाखान्यात दिसणारा थायरॉइड बहुतेक वेळा वेगळा असतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुंबई-गोव्यासह आठ शहरांतल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये हायपोथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉइड ग्रंथीचं काम मंदावणं, आढळला आणि जवळपास पाचातल्या एकाच्या रक्तात थायरॉइडविरोधी प्रतिपिंडं होती. म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते. बायकांमध्ये हे जास्त. त्यात टीएसएचची तपासणी (ग्रंथी मंदावली की रक्तात हे संप्रेरक चढतं) आता तालुक्याच्या लॅबमध्येही होते, त्यामुळे पूर्वी नुसता ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून दिलेले रुग्णही सापडतात.

तरी या आक्षेपात थोडं तथ्य आहे, ते नाकारू नये. चीनमधल्या तीन भागांचा २००६ चा अभ्यास सांगतो की आयोडीन गरजेपेक्षा बरंच जास्त झालं तर हायपोथायरॉइडिझम आणि ग्रंथीचा दाह वाढतो. डेन्मार्कमध्ये मिठात आयोडीन सुरू झाल्यावर ग्रंथी जास्त काम करू लागण्याचा त्रास काही काळ वाढला, मग उतरला. कमीही वाईट, अतिही वाईट. पण माझ्या मते पारडं कुठे झुकतं हे स्पष्ट आहे: हायपोथायरॉइडिझम रोजच्या गोळीने आटोक्यात राहतो, बाळाच्या मेंदूचं नुकसान कोणत्याच गोळीने भरत नाही.

‘मीठ बदललं की गोळी सुटते’ म्हणणाऱ्यांना एक गोष्ट सहसा ठाऊक नसते. थायरॉइडच्या गोळीतच आयोडीन असतं! १०० मायक्रोग्रॅमच्या गोळीत सुमारे ६५ मायक्रोग्रॅम. तेव्हा साध्या मिठाकडे वळून काही साधत नाही, आणि गोळी परस्पर बंद केली तर टीएसएच पुन्हा चढतो.

सोयाबीनचं आपल्याकडे उगाच नाव खराब आहे. आयोडीन पुरेसं असेल तर जेवणातलं सोया, पत्ताकोबी यांनी बिघडत नाही. मात्र गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची. चहा, सोया किंवा लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांसोबत नाही.

आणि आयोडीन हवं म्हणून मीठ वाढवू नका. मोठ्या माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम, गरोदर बाईची २५०. मीठ मात्र दिवसाला पाच ग्रॅमच्या आतच असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आहे तेच मीठ नीट राखा: झाकणाच्या कोरड्या डब्यात, चुलीपासून लांब. आशाताई तपासणीचा संच घेऊन आल्या तर चिमूटभर मीठ पुढे करा. थेंब पडताच ते निळं-जांभळं झालं तर त्यात आयोडीन आहे. घरात गरोदर बाई असेल तर ही तपासणी चुकवू नका.