जुनी भक्ती, नवी चाल

काळ बदलला की उपासनेची पद्धतही बदलावी का, हा प्रश्न ख्रिस्ती मंडळींमध्ये दर पिढीत निघतो. यवतमाळ जिल्ह्यातही तो आहे. तरुणांना गिटार आणि नवी गाणी हवी असतात. वडीलधाऱ्यांना वाटते, आजीच्या तोंडची गीते सुटली तर उरले काय? मला दोघांचेही म्हणणे समजते. म्हणून आधी हे पाहू या, की आज आपण ज्याला 'जुने' म्हणतो ते आले कुठून.

मिशनरी आले ते आपल्याकडची गीते आणि त्यांच्या चाली घेऊन. शब्दांचे मराठी भाषांतर झाले, पण चाल परकीच राहिली. ही अडचण रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ओळखली. काही काळ नागपूरला बुटींच्या आश्रयाला राहिलेले हे कवी १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन यांना उपासनेत मानाची जागा मिळवून दिली. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. तिथे बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. आज त्याच टिळकांच्या रचना मंडळीत 'जुनी गीते' म्हणून जपल्या जातात. एका पिढीचे नवे हे पुढच्या पिढीचे वतन होते, ते असे.

पुढेही असेच घडले. १९६३ मध्ये व्हॅटिकन परिषदेने लॅटिनऐवजी लोकभाषेत मिस्सा करण्यास वाट मोकळी केली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले. त्यांतले काही बालकांचा बाप्तिस्मा मानत, काही फक्त जाणत्या वयातला. नव्या चर्चने दोन्ही रीती मान्य केल्या. श्रद्धा एक आणि रीती दोन, हे चालू शकते याचा तो दाखला आहे.

बदलाची दुसरी बाजूही आपल्याच जिल्ह्यात दिसते. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून यवतमाळला होती. देशभरातले विद्यार्थी तिथे इंग्रजीतून शिकत. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. संस्था जाऊ शकते, खेड्यातली मंडळी जाऊ शकत नाही. तिला आपल्याच माणसांतून मार्ग काढावा लागतो.

मग बदलताना पाहायचे काय? माझ्या मते आधी भाषा. या जिल्ह्यात मराठीच्या जोडीला गोरमाटी, कोलामी, गोंडीही बोलल्या जातात. ज्याच्या घरची भाषा यांपैकी एखादी आहे, त्याला प्रार्थना त्या भाषेत करता यावी. दुसरी गोष्ट वेळ. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया सकाळीच वावरात जातात; तेव्हा उपासना सायंकाळी ठेवली तर काय बिघडले? तिसरी, दूर गेलेली मुले. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा मोबाइलवरून गावच्या प्रार्थनेत सामील होतो, ही चांगली सोय आहे. पण आजाऱ्याच्या खाटेजवळ बसायला आणि मयतीला खांदा द्यायला माणूसच लागतो. त्या कामाची वाटणी गावात राहिलेल्यांनी आधीच करून ठेवावी.

आणि निर्णय कोण घेतो, हेही महत्त्वाचे. पाळक आणि चार वडील यांनी ठरवून सांगितलेला बदल टिकत नाही. महिला मंडळ आणि तरुण संघ यांना विचारून, तीन महिने करून पाहून मग कायम करावा. एका रविवारी टिळकांचे भजन पेटी-तबल्यावर व्हावे, त्याच उपासनेत मुलांनी आपले गाणे गिटारवर म्हणावे. आजीला नव्या गाण्याचे शब्द कळले पाहिजेत आणि नातवाला भजनाचा अर्थ. तो समजावून सांगण्याचे काम मात्र दोघांनी एकमेकांसाठी करायचे आहे.